खोबऱ्याचा तुकडा आणि अण्णांची खुर्ची

आमच्या घरात कौतुक करण्याची पद्धत नव्हती. आमटी चांगली झाली तर सगळे गप्प जेवत, मीठ कमी पडलं तरच आपल्याला तोंड आहे याची एकेकाला आठवण होई. लग्न होऊन मी नागावच्या या माडांच्या वाडीत आले त्याला एकतीस वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात मी सासऱ्यांना विचारलं होतं, "अण्णा, कालवण कसं झालंय?" त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "वाढ." ते कौतुक होतं, हे मला नवऱ्याने नंतर समजावून सांगितलं. त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं.

मीही काही निराळी नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून मी निवृत्त झाले. पाटीवरच्या चुकीवर फुली मारायला माझा हात इतका सरावलेला होता, की बरोबर उत्तरावरून तो नुसताच पुढे सरकायचा. शाळा सुटली तरी आवाज काही सुटला नाही. त्यामुळे कुत्र्याला शिकवायची पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, ते सांगायला नको. ओरडले.

कुत्रा मागच्या वर्षी आमच्या वाडीतच सापडला होता. माडाच्या झावळ्यांचा ढीग उचलताना खाली हे पिल्लू. तपकिरी रंग, एक कान उभा आणि एक कान कायमचा पडलेला. त्याला मी एका नावाने हाक मारायची, नवरा दुसऱ्या आणि आमच्या दोन खोल्यांत भाड्याने उतरणारे पाहुणे तिसऱ्याच. त्यामुळे तो कुठल्याच नावाला धड यायचा नाही. इथे त्याला मी नुसता कुत्राच म्हणते. त्याची काही हरकत असणार नाही.

त्याला एकच खोड होती. माणूस दिसलं की दोन पाय त्याच्या छातीवर. पाहुणे हसायचे, फोटो काढायचे, म्हणून आम्हीही चालवून घेतलं. मग आषाढातल्या एका सकाळी अण्णा छत्री घेऊन वाडीत जायला निघाले. ब्याऐंशी वर्षांचं वय, पण रोज सकाळी वाडीत एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पडवीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. कुत्रा विहिरीकडून धावत आला आणि प्रेमाने, अगदी प्रेमानेच, त्यांच्या अंगावर उडाला. अण्णा तिसऱ्या पायरीवरून खाली गेले. मनगट मोडलं. अलिबागला नेऊन प्लास्टर घातलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, नशीब, खुबा वाचला.

अण्णा कुत्र्याला एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "गावच्या पोरांना शिकवलास, आता याला पन कायतरी शिकव."

मी शिकवायला घेतलं. कमरेवर हात ठेवून म्हटलं, "बस!" कुत्रा शेपटी हलवत माझ्याकडे बघत राहिला. "बस म्हटलं ना! बस! बस!!" दहाव्या वेळेला शेजारच्या वाडीतून कुणीतरी विचारलं, "बाई, कोनाला बसवताय?"

तो तमाशा खोलीत उतरलेल्या एका पाहुणीने पाहिला. तिच्याबरोबर तिचा म्हातारा कुत्रा होता, नुसतं बोट दाखवलं की बसणारा. ती हळूच माझ्याजवळ आली. म्हणाली, "काकू, एकदाच सांगा. आणि बसला की लगेच काहीतरी खायला द्या. डोळ्याची पापणी लवायच्या आत. उशीर झाला की कशाचं बक्षीस मिळालं तेच त्याला कळत नाही."

"म्हणजे लाच," मी म्हटलं.

"लाच आधी देतात. हे नंतर द्यायचं," ती म्हणाली. मला तिचा रागच आला, कारण तिचं बरोबर होतं.

खायला काय द्यायचं? आमच्या घरात डब्यात बारा महिने असते ती सुकी मासळी. मी सोड्यांचा डबा काढला. सोलून वाळवलेली कोळंबी, तिचे कात्रीने नखाएवढे तुकडे केले आणि बटव्यात घालून बटवा कमरेला खोचला. तुकडा कुत्र्याच्या नाकासमोर धरून हात हळूहळू त्याच्या डोक्यावरून मागे नेला. नाक वर गेलं, मागचा भाग आपोआप खाली टेकला. "शाब्बास!" म्हणून तुकडा तोंडात. तीन दिवसांत तो हाताच्या खुणेवर बसायला लागला. पाचव्या दिवशी नुसत्या शब्दावर. अंगावर उडाला की मी पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर असले की सोड्याचा तुकडा. आठवड्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

सोड्यांचा वास मात्र माझ्या अंगाला असा मुरला, की मी वाडीत निघाले की मागे कुत्रा आणि त्याच्या मागे आळीतली तीन मांजरं, अशी वरात निघायची. नवरा डबा हलवून बघायचा आणि म्हणायचा, "मला सोड्यांचा भात गेल्या महिन्यात मिळाला होता. मीपण बसून दाखवू का?"

आणि मला एक गोष्ट जाणवायला लागली. दिवसातून चाळीस वेळा मी शाब्बास म्हणत होते. सुरुवातीला तो शब्द तोंडात नव्या चपलेसारखा चावायचा. मग सैल झाला. शाळेतल्या किती पोरांनी माझ्या टेबलापाशी पाटी धरून नुसती वाट पाहिली असेल, हे मला कुत्र्याच्या त्या वर वळलेल्या तोंडाकडे बघताना कळलं. वाईट वाटलं. आता त्याला इलाज नव्हता.

दिव्यांची अमावस्या आली आणि शिकवणी अडली. आमच्याकडे श्रावण सुरू झाला की गणपती होईपर्यंत घरात मासळीला शिवायचंसुद्धा नाही. सगळे डबे बांधून बाहेरच्या पडवीत जातात. नवरा म्हणाला, "कुत्र्याला कसला आलाय श्रावण?" अण्णा खुर्चीतून म्हणाले, "या घरान ऱ्हातो ना? मग त्याला पन श्रावण."

मग मी खोबरं घेतलं. वाडीत नारळाला काय तोटा? ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे. कुत्र्याने पहिला तुकडा चघळला, विचार केला आणि सोडे विसरला. नारळ फोडल्याचा आवाज आला की तो कुठूनही येऊन समोर बसायचा.

इथे मला जास्तीचा शहाणपणा सुचला. पावसाळ्यात वाडीत गवत कमरेएवढं वाढतं. पिकलेला नारळ आपणहून पडला की धप् आवाज येतो, पण तो नेमका कुठे पडला ते सापडत नाही. पुढे कधीतरी कोंब आल्यावर पायाला लागतो. मी कुत्र्याला ते काम शिकवलं. धप् झालं की जायचं, नारळापाशी उभं राहायचं, खोबरं मिळवायचं. पंधरा दिवसांत एवढा तरबेज झाला, की आवाज झाल्यावर मला दिसायचं ते फक्त हलणारं गवत आणि टोकाला एक उभा कान. नवऱ्याने चक्क चार माणसांत सांगितलं, आमचा कुत्रा नारळ शोधतो. माझी मान ताठ झाली.

अण्णांचं प्लास्टर तोवर निघालं होतं. हात बरा झाला. पण ते पडवीच्या खाली उतरेनात. सकाळी उठायचे, काठी घ्यायचे, पायऱ्यांपर्यंत यायचे, खाली कुत्रा दिसला की परत खुर्चीत. गुडघा दुखतोय म्हणायचे. गुडघा आम्हाला ठाऊक होता. चार हात अंतरावर कुत्रा शहाण्यासारखा बसलेला असायचा, पण त्यांना तो बसलेला दिसतच नव्हता, उडालेलाच दिसत होता. ज्या माणसाने वाडीतला प्रत्येक माड लावला, तो आता मला विचारायचा, "विहिरीकडचा बुटका माड कसा हाय?" मला ते ऐकवत नसे.

गणपतीच्या आधी ऊन पडलं आणि नारळ काढणारा आला. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, पन्नास वर्षांचा सडसडीत माणूस. तो माडावर चढला. त्याने वरून हाळी दिली, नारळांचा घड, म्हणजे पेंड, तोडली. धप्.

आणि माझा शहाणा विद्यार्थी जिवाच्या आकांताने थेट माडाखाली पळाला.

पाठोपाठ दुसरी पेंड येत होती. मी "थांब" म्हणून ओरडले, "ये" म्हणून ओरडले, दोन्ही एकदम. नारळ त्याच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर आदळला. कुत्रा जागचा हलला नाही. नारळापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, खोबरं कधी देतेस म्हणून. तो तर मी शिकवलेलंच करत होता.

नारळ काढणारा सरसर खाली उतरला. "वयनी, याला बांधा नायतर मी वर नाय चरत. नारल डोक्यान परला तं काय ऱ्हाईल त्याचा?"

कुत्र्याला मी गोठ्यात बांधलं आणि त्याच्याशेजारी बसून रडले. चूक त्याची असती तर रागावता तरी आलं असतं.

त्या दिवशी जेवताना नवऱ्याने सांगून टाकलं. "अण्णा याच्या भीतीने घरात बसून सुकत चाललेत. आणि हा आज मरता मरता वाचला. पेणजवळ मावसभावाची भातशेती आहे, तिथे माड नाहीत. दिवाळीपर्यंत अण्णा खाली उतरले तर ठीक. नाहीतर मी याला पेणला सोडून येतो." तो वाईट माणूस नाही. त्याला बाप जास्त प्रिय होता, एवढंच. अण्णा मान खाली घालून भात कालवत राहिले.

गणपती गेले. मी विचार करत राहिले. शिकवलेलं पुसता येत नाही, हे मला शाळेत कळलं होतं. चुकीचं काढायची सवय लागलेलं अक्षर खोडून जात नाही, त्याच्यावर दुसरं बरोबर अक्षर गिरवून घ्यावं लागतं. धप् आवाज आला की पळायचं, हे कुत्रा विसरणार नव्हता. मग कुठे पळायचं, ते तरी बदलता येईल. माडाकडे न पळता पडवीकडे. आणि पडवीत कायम बसलेलं असं एकच माणूस होतं.

मी खोबऱ्याची वाटी अण्णांच्या मांडीवर ठेवली. "अण्णा, मी नारळ टाकणार. कुत्रा तुमच्याकडे येईल, बसेल. बसला की तुकडा टाकायचा."

"माज्या अंगावर न्हाय येनार?"

"नाही."

"आनि आला तं?"

"आला तर मीच त्याला पेणला सोडून येते," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची भिंतीला टेकवून घेतली.

पहिल्या दिवशी मी अंगणात, खुर्चीपासून चार पावलांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवरून काथ्याच्या सोडणासकट नारळ टाकला. कुत्रा नारळाकडे गेला, हुंगला, उभा राहिला. मी काहीच दिलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे बघितलं. मग पडवीतून खोबऱ्याचा वास आला असावा. तो पायऱ्यांशी गेला, थबकला, वर चढून अण्णांच्या समोर दोन हात अंतरावर बसला. अण्णांनी तुकडा लांबूनच फेकला, सापाला दूध ठेवावं तसा.

"शाब्बास म्हणा," मी सांगितलं.

"ते तू म्हन," अण्णा म्हणाले.

रोज दहा नारळ. मग कमरेच्या उंचीवरून. मग डोक्यावरून. मग नवऱ्याला पाहुण्यांच्या खोलीच्या गच्चीवर उभं करून तिथून. तो म्हणायचा, "आयुष्यात हेच करायचं राहिलं होतं." पण टाकायचा. कधी कुत्र्याला पडवी आठवायची, कधी नारळ. एकदा सलग तीन दिवस सगळं बिघडलं. माझ्या नाकी नऊ आले, मी चिडून वाटी आपटली आणि अण्णाच म्हणाले, "खालनं सुरू कर परत. पोराला दुसरीचा गनित येत न्हाय तं पहिलीचा देतात ना?" आम्ही परत गुडघ्यापासून सुरू केलं.

नवरात्र उलटता उलटता मला दिसलं, की अण्णा आता तुकडा फेकत नाहीत. हात लांब करून देतात. मग एक दिवस दिसलं, की कुत्र्याची हनुवटी त्यांच्या गुडघ्याला टेकलेली आहे आणि गुडघा दुखत नाहीये. शाब्बास मात्र ते कधी म्हणाले नाहीत. नुसता तुकडा. कुत्र्याला तेवढ्याने कळत होतं. या घरात यायला तो अगदी लायक होता. पण पायऱ्या काही अण्णा उतरले नाहीत. दिवाळी दहा दिवसांवर आली.

नारळ काढणारा परत आला. मला कुत्र्याला बांधायचं होतं. नवरा म्हणाला, "बांधून कसं कळणार? बघूया तरी." मी कुत्र्याला गोठ्याजवळ, माडांपासून चांगलं लांब बसवलं आणि त्याच्या गळ्यात दोरी ठेवली, टोक माझ्या हातात सैल. नारळ काढणारा चढला. वरून हाळी आली. धप्.

कुत्रा उठला. दोरी माझ्या हातातून निसटली, की मी सोडली, मला आजही सांगता येणार नाही. तो दोन पावलं माडाकडे गेला. मग वळला. पडलेला कान हवेत उडवत तो जो पडवीकडे सुटला, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला.

आणि मला दिसलं की खुर्ची रिकामी होती.

अण्णा खाली उतरले होते. सगळे माडाकडे बघत असताना, काठी टेकत, शेवाळ धरलेल्या त्याच तीन पायऱ्या एकट्याने उतरून ते अंगणाच्या मधोमध उभे होते. नारळ काढताना आयुष्यभर ते खाली उभे राहून कुठली पेंड तयार आहे ते सांगत आले होते. त्यांना बसवलं नसणार. एका हातात काठी, दुसऱ्या हातात काही नाही, धरायला आसपास भिंत नाही. कुत्रा खुर्चीपर्यंत गेला, ती हुंगली, वळला, आणि त्याला अण्णा दिसले. तो त्यांच्यावर धावला. तसाच, अगदी आषाढातल्यासारखा.

मी धावत सुटले. नवराही पळायला लागला, पण आम्ही दोघंही फार लांब होतो. माडावरचा माणूस वरूनच "आरं आरं" करत राहिला. अण्णांनी काठी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले.

कुत्रा त्यांच्यापुढे हातभर अंतरावर घसरत थांबला आणि बसला. चारही पाय जमिनीवर, नाक वर, शेपूट माती झाडत.

अण्णांनी डोळे उघडले. मग काठी काखेत अडकवून त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिशात खोबरं होतं. म्हणजे उतरायचं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

मी धापा टाकत पोचले. अण्णांनी खोबऱ्याचा तुकडा मोडून दोन केले. एक कुत्र्याला दिला, न बोलता, नेहमीसारखा. दुसरा माझ्यापुढे धरला. मला वाटलं, त्यांना वाकवत नाही, मीच कुत्र्याला द्यायचा. मी घेतला आणि खाली वाकले.

"त्याला न्हाय," अण्णा म्हणाले. "त्याचा झाला. तो तुजा."

मी वाकलेलीच राहिले.

"शाब्बास," अण्णा म्हणाले, आणि मान वर करून माडावरच्या माणसाला विहिरीकडच्या बुटक्या माडाचं काहीतरी सांगायला लागले.

बक्षीस लगेच द्यावं लागतं, उशीर झाला की कशाचं ते कळत नाही, असं ती पाहुणी म्हणाली होती. माझं एकतीस वर्षं उशिरा आलं होतं, तरी कशाकशाचं ते मला एकूण एक कळलं. मी अंगणात उभी राहून ते खोबरं खाल्लं. कुत्रा माझ्याकडे बघत बसून होता, पण त्यातला एक कणही मी त्याला दिला नाही.